बुटकी कुणी मारली?

गवताचा खून झालाय, असा फोन सकाळी आला तेव्हा फौजदार चहाच्या कपाशेजारी डोकं टेकून बसला होता. एकतीस वर्षांच्या नोकरीनं तो इतका थकला होता, की जिना चढताना त्याची सावली दोनदा दम खायची. खोटं वाटत असेल तर जिन्याला विचारा.

गवत-संशोधन केंद्रातल्या वाफ्यापाशी तिघं उभी होती. रागानं लाल झालेले संचालक. शेजारी वनस्पतिशास्त्राच्या बाई. आणि मान खाली घातलेला नाना, बावीस वर्षं इथं गवत कापायचं यंत्र चालवणारा.

"या वाफ्यात दोन जाती निम्म्या-निम्म्या मिसळून पेरल्या," संचालक म्हणाले. "जमिनीलगत पसरणारी बुटकी माझी. उंचाडी या बाईंची. चार महिन्यांत बुटकी गायब! या नानानं औषध मारलं. संध्याकाळपर्यंत त्यानं केंद्रातली खोली सोडायची."

"खोलीत कोण असतं?"

"बायको," नाना पुटपुटला. "अंथरुणाला खिळलीय. काल साहेब तिच्यासमोर मला नमकहराम म्हणाले."

फौजदार कण्हत गुडघ्यांवर बसला. वाफा गच्च हिरवा, टक्कल कुठंच नाही. मधोमध, जमिनीपासून जेमतेम तीन बोटं वर, संचालकांच्या नावाची सिमेंटची पाटी. सिमेंटवर खोल ओरखडे. त्यांवरून नवा रंग फासलेला आणि रंग अगदी कोरा. नळाच्या खांबाभोवती मात्र हातभर जागेत बुटकी दाटून आली होती.

"इथं कोण कापतं?"

"मीच. यंत्र पोचत नाही, कात्री चालवतो. दोन बोटं उंच ठेवून."

"आणि यंत्र?"

"ते हल्ली चार बोटं ठेवतं. पातं कुणीतरी वर चढवलंय. पात्याची उंची बदलायच्या कुलपाची किल्ली हपिसात, या दोघांच्या खोलीत असते."

"सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, तू यंत्र चालव, शास्त्र मी चालवतो."

फौजदार बाईंकडे वळला. "जिंकली तुमची उंचाडी. किल्ली तुमच्याही हाताशी."

"अहो, जिंकली म्हणूनच झोप लागेना मला! या वाफ्यात काहीतरी गडबड आहे, निकाल थांबवा, असं महिन्यापूर्वी लिहून दिलंय मी."

"कुणाला?"

"यांनाच."

फौजदारानं उठायचा प्रयत्न केला, सोडून दिला, आणि बसल्या बसल्याच बोलू लागला.

"औषध मारलं असतं तर गवत जळून टक्कल पडलं असतं. बुटकी मेली उन्हावाचून. दोन बोटं ठेवून कापलं की उंचाडीचं डोकं उडतं आणि बुटकी खाली ऐसपैस पसरते. चार बोटं ठेवली की उंचाडी वर छत्री धरते, खालची गुदमरते. कात्रीखाली ती जगली, यंत्राखाली मेली. तेव्हा मारेकरी तो, ज्यानं पातं चढवलं."

"माझंच गवत मी कशाला मारीन?" संचालक ओरडले.

"मारायचं नव्हतंच, साहेब. पाटी वाचवायची होती. पातं तुमच्या नावावरून खरवडत जायचं. तुम्ही पाटी रंगवली आणि पातं वर घेतलं. म्हणून रंगावर एक ओरखडा नाही. बाईंना तुमच्या पाटीचं काय सोयरसुतक? पुढं नानानं सांगितलं, बाईंनी लिहून दिलं, तेव्हा तुम्हाला सगळं उमगलं. पण स्वतःच्या नावापायी स्वतःचं गवत मारलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? नाना आयताच सापडला."

संचालकांचा आवाज खाली आला. "चूक झाली. आपसांत मिटवू या."

"माझ्याशी मिटवून काय उपयोग?" फौजदारानं नानाकडे बोट दाखवलं.

नानानं पहिल्यांदाच मान वर केली. "मला काही नको, साहेब. आत्ता 'चूक झाली' म्हणालात, तेच माझ्या बायकोला सांगा. तिच्या उशाशी उभं राहून."

संचालकांनी बाईंकडे पाहिलं, फौजदाराकडे पाहिलं. कुणीच मदतीला आलं नाही. मग ते नानाच्या खोलीकडे निघाले. दारापाशी क्षणभर थांबले, चपला काढल्या आणि आत गेले.