तळपट्टीतली ओळ

"आमचे ज्येष्ठ कारागीर आता हयात नाहीत."

तिने इंटरनेटवर आपल्या व्हायोलिन-दुरुस्तीच्या दुकानाचं नाव शोधलं, की निकालात नावाखाली ही ओळ येत होती. दुकानात कारागीर एकटीच, ती स्वतः. एका गिऱ्हाइकाने तर सांत्वनाचं पत्रही पाठवलं. ते पत्र घेऊनच ती गुप्तहेर बाईंकडे आली.

नवल म्हणजे, पान उघडलं की ती ओळ कुठेच दिसत नसे. बाईंचे सहकारी मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, यांनी पान तीनदा वाचलं आणि हे एखाद्या वैऱ्याचं काम, असं ठरवून टाकलं.

त्यांचा संशय होता तिच्या दुकानासमोरच्या वाद्यविक्रेत्यावर; त्याने कानांवर हात ठेवले. त्याच्याकडे वेबसाइटचा पासवर्डच नव्हता. तो होता फक्त तिच्या भाच्याकडे, भावाच्या मुलाकडे. दुसऱ्या शहरातल्या त्या भावाचं दुकानही याच वेबसाइटवर होतं. भावाशी मात्र नऊ वर्षं अबोला. भाचा फोनवर म्हणाला, मला काही माहीत नाही. बाईंनी वडिलांना फोन द्यायला सांगितलं. ते बोलू शकत नाहीत, एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

बाईंनी भावाचं पान उघडलं. तळाशी तिच्या पानावर होती तशीच पट्टी, 'दुरुस्ती' शब्दात तिथल्यासारखीच ऱ्हस्व-दीर्घाची चूक. मग त्या दुकानाचं नाव शोधलं. खाली तीच ओळ.

"म्हणजे वैरी दोघांचाही," मास्तर म्हणाले.

"वैरी कुणीच नाही. तळपट्टीचा कोड एकदाच लिहिलाय, दोन्ही पानं तोच तुकडा उचलतात. म्हणून चूकही एकच. ओळ त्याच तुकड्यात आहे. कुणीतरी ती लिहिली आणि धीर खचल्यावर लपवली. माणसाला ती दिसत नाही, पण सर्च इंजिन पानामागचा कोड वाचतं. त्याने लपवलेलंही वाचलं." बाई थांबल्या. "पासवर्ड एकाकडेच. आणि ओळीत शब्द आहे 'ज्येष्ठ'. तुम्हा भावंडांत मोठं कोण?"

तिने सांत्वनाचं पत्र पुन्हा उघडलं.

"दादा," ती कशीबशी म्हणाली.

बाईंनी पुन्हा फोन लावून तिच्या हातात दिला. या वेळी भाच्याने सगळं सांगितलं. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. आत्याला कोणत्या तोंडाने कळवायचं, ते त्याला सुचलं नव्हतं.

मास्तरांनी खुर्ची पुढे केली, ती तिला दिसलीही नाही.

"वहिनी एकटीच असते का रे घरी?" तिने विचारलं.