परतलेला खोकला

"मेट्रनबाई, लवकर या! आजींची लेक पोलिसांना फोन करतेय. मी औषधातून काहीतरी घातलं म्हणे!"

आजींना सांभाळणारी बाई फोनवर रडत होती. तिला रुग्णसेवा शिकवली ती मेट्रनबाईंनीच. निवृत्तीनंतर त्यांचा फोन सहसा वाजत नसे. वाजला तो असा. पायात चपला सरकवून त्या निघाल्या.

आजी चार दिवसांपूर्वी चक्कर येऊन पडल्या होत्या. आज हॉस्पिटलमधून घरी आल्या. रक्तदाब पार खाली गेलेला, रक्तात पोटॅशियम वाढलेलं. दुसऱ्या शहरातून धावत आलेली लेक रिपोर्ट नाचवत म्हणाली, "गोळ्या हीच देते. मग हिच्याशिवाय कोण?"

"आधी बघू तर द्या, मग फासावर चढवा."

मेट्रनबाईंनी गोळ्यांची डबी उघडली. सात वारांचे सात कप्पे. गोळ्या बरोबर होत्या.

"प्रेशरची ही गोळी नवी?"

"तीन महिन्यांपूर्वी बदलली," बाई म्हणाली. "जुनीने कोरडा खोकला लागला होता. हिने थांबला."

"जुन्या कुठेत?"

"खणात दोन पाकिटं होती. आता दिसत नाहीत."

"आता खोकला?"

"पडायच्या आधी पंधरा दिवस परत सुरू झाला. पण कुरकुर नाही हो! उलट खुशीत. रोज वेणीफणी करून बसायच्या."

खोकला आला म्हणून कुणी नटतं का? मेट्रनबाईंची नजर पलंगालगतच्या खुर्चीवर गेली.

"इथे कोण बसतं?"

"वरच्या मजल्यावरचे ग्रंथपाल. खोकला ऐकला की गरम पाणी घेऊन येतात, तासभर गप्पा मारतात. मध्यंतरी दोन महिने फिरकलेच नव्हते."

मेट्रनबाई त्या खुर्चीत बसल्या. हळूच म्हणाल्या, "आजी, पाकिटं द्या बरं."

आजींचा चेहरा पडला. उशीच्या अभ्र्यातून दोन्ही पाकिटं निघाली. निम्म्या गोळ्या संपल्या होत्या.

"ही घ्या तुमची गुन्हेगार," मेट्रनबाई लेकीला म्हणाल्या. "जुनी गोळी प्रिल गटातली. प्रेशर उतरवते, पण काहींना कोरडा खोकला लावते. नवी सार्टन गटातली. तिने सहसा खोकला होत नाही. मग खोकला परतला कशाने? डबीतली गोळी तर सार्टनच. म्हणजे जुनीही जोडीने पोटात जात होती. दोन्ही एकदम घेतल्या की प्रेशर कोसळतं, पोटॅशियम चढतं. बाईला खोकल्याचा काय उपयोग? तो हवा होता एकाच माणसाला."

"बरी झाले आणि त्यांचं येणंच थांबलं," आजी पुटपुटल्या. "खोकल्याशिवाय बोलवायचं कसं? चार लोक काय म्हणतील?"

हे इतक्या झटकन कसं उमगलं, असं मेट्रनबाईंना कुणी विचारलं नाही. त्यांच्या घरी तर खोकला ऐकणारंही कुणी नव्हतं, आणि ते त्यांना रोज सलत होतं.

लेकीने बाईचे हात धरून माफी मागितली. मग आईजवळ मटकन बसली. तिला रडू आवरेना.

"एवढं एकटं वाटत होतं, तर मला का नाही गं सांगितलंस?"

"सांगितलं असतं," आजी म्हणाल्या, "तर तू आणखी एक बाई ठेवली असतीस."