तिपाईचे तीन खड्डे

दिवे गेले की तुम्हाला मी आठवतो. एरवी म्हातारा बोलायला लागला की सगळ्यांना कामं निघतात. सांगतो, पण मध्ये कोणी हसलं तर उठून जाईन.

माझा मेव्हणा तुम्हाला माहीत आहेच. त्याची तांबडी गाय व्यायला झाली होती. मी त्याला बजावलं होतं, वयाची गाय आहे, दूध भरपूर, पहिले दोन दिवस कास रिकामी करू नकोस, अंगातलं सगळं त्राण दुधातून निघून जातं. सासरे हेच करायचे. गाय व्याली की तिच्या डोक्याशी बुटकी तिपाई टाकून रात्रभर बसायचे. तिपाईचा एक पाय मोडलेला, तिथे जाड खुंट ठोकलेला. सासरे गेले आणि या शहाण्याने ती तिपाई पाणी तापवायला जाळली. मला म्हणाला, "दाजी, तुमचा काळ गेला."

चार वर्षांपूर्वीची थंडी. शनिवारची रात्र. संध्याकाळी गाय व्याली, कालवड झाली. याने बादली भरून धार काढली, शेवटच्या थेंबापर्यंत. अकराच्या सुमाराला गाय बसली ती उठेना. कान गार. मग कुशीवर आडवी झाली. याने एकट्याने रेटून पाहिली, हलेना. बायको माहेरी. जनावरांच्या डॉक्टरचा फोन लागेना. तेव्हा कालवड बाजूला बांधली, कुत्री शिरू नयेत म्हणून गोठ्याला कुलूप घातलं आणि डॉक्टरला आणायला गाडी काढली.

पुढचं मला डॉक्टरने सांगितलं. मेव्हण्याच्या तोंडचं असतं तर मीच मानलं नसतं.

दोघे परत आले. अंगणात अंधार. मेव्हणा किल्ली शोधत होता.

आत कोणीतरी खोकलं.

डॉक्टरने विचारलं, "घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

परत खोकला. मग हळू आवाज. गायीला चुचकारल्यासारखा. "हं... बस... बस बाई..."

मेव्हण्याच्या हातातून किल्ली पडली. हा त्याच्या बापाचा आवाज.

कुलूप जसंच्या तसं. डॉक्टरने उघडलं. बॅटरी मारली.

कोणी नाही...

गाय छातीवर सरळ बसलेली. दोन्ही बाजूंनी भुशाची पोती लावलेली. कान गरम.

डॉक्टरने शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवली. म्हणाला, आडवीच राहिली असती तर पोट फुगून कधीच गेली असती. पहाटे गाय उठली. त्यानंतर दोनदा व्याली, एकदाही बसली नाही. कारण आता हा कासेत दूध ठेवतो. माझं नाव न घेता.

उलट गावभर सांगत सुटला, दाजीच कौलं काढून आत उतरले, मला घाबरवायला. अरे, त्या रात्री मी डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात पडलो होतो. मला संडासला न्यायला माणूस लागत होता, आणि मी कौलं काढणार?

सकाळी डॉक्टरने पाहिलं, गायीच्या डोक्याशी ओल्या मातीत तीन खड्डे होते. गोल, खोल, कोणी तास न् तास बसल्यासारखे. दोन बारीक... एक जाड.

खड्डे बुजवले त्याने. पण मेलेला बाप गोठ्यात येऊन बसला, आणि हा जिवंत माणूस चार घरं ओलांडून माझ्या दारात येत नाही, "दाजी, माझं चुकलं" म्हणायला. माझा मेव्हणा.