तिसऱ्या चौकटीतले दोन डाग

भिलाईत खुर्सीपारच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात मी पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. दीडला दुर्गहून पुण्याची गाडी. तिथल्या परिषदेत माझं पोस्टर लागायचं होतं — तीन वर्षांच्या कामाचं. काल माझे बाबाच पेन ड्राइव्ह देऊन गेले होते. दुकानदाराला मी आज पहिल्यांदा पाहत होते. कुरळे केस, कानामागे मार्कर, आणि चेहऱ्यावर फार चांगलं काम केल्याचं समाधान.

बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा फ्लेक्स वाळत होता. नवरा-नवरी दोघंही पिठासारखी गोरी.

त्याने माझं पोस्टर उलगडलं. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या तीन चौकटी, तीन वेगवेगळ्या प्रकाशांतल्या. तिसऱ्या चौकटीच्या मधोमध धूसर काहीतरी असायला हवं होतं. तिथे स्वच्छ काळोख होता.

"इथे एक ढग होता," मी म्हणाले.

"डाग होता मॅडम. साफ करून देल्ला."

मी ओरडत नाही. रागावले की माझा आवाज खाली जातो. घरचे त्यालाच घाबरतात. त्या आवाजात मी विचारलं, न विचारता हात लावायला कुणी सांगितलं होतं? तो गडबडला नाही. इथे सगळे डाग काढूनच मागतात, म्हणाला. शिवाय पहिल्या दोन चौकटींत तो नव्हता, म्हणजे स्कॅनिंगचाच.

"पहिल्या दोन्हींत नाही आणि तिसरीत आहे…" मी त्या काळोखावर बोट ठेवलं. "हेच मी तीन वर्षं शोधत होते."

मग मी त्याला सगळं ऐकवलं, एकेक शब्द तोडून. ही ताऱ्यांमधली धूळ. उणे दोनशे साठ अंश थंड. साध्या प्रकाशात काळी, जवळच्या अवरक्तात, म्हणजे इन्फ्रारेडमध्येही काळीच. तिची आच फक्त दूर-अवरक्तात दिसते, तीही हवेच्या वर ठेवलेल्या दुर्बिणीला. आणि तीच त्याने पुसली.

त्याने कानामागचा मार्कर काढून टेबलावर ठेवला.

"माहे बाबा पोलाद कारखान्यात भट्टीवर होते," तो म्हणाला. "ते म्हनत, लोखंडाची लाली गेली म्हून हात नको लावू. दिसत नाई, पन आच असते."

हे अगदी बरोबर होतं. त्यामुळे मला आणखीच राग आला.

तो पुन्हा छापायला बसला. स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही. मग त्याने टेबलफॅन माझ्याकडे वळवला आणि स्वतः घामाघूम होत माउस हलवत राहिला. त्याच्या मानेवरचा तो थेंब… मी नजर स्क्रीनवर नेली.

"दोनी परत ठेवू ना?"

"दोन कुठले?"

"मी दोन डाग काढले मॅडम. एक हा. एक खाली, कोपऱ्यात. बारका."

मी लॅपटॉप उघडला. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी काढल्या. पहिल्या दिवसाच्या नोंदीत तो बारका ठिपका होता. दुसऱ्या दिवशीही, त्याच जागी; म्हणजे डाग नव्हे, बहुधा दुसरा ढग. आता स्टूलवर बसावंच लागलं.

"आता कावून रागावून राहिल्या? सापडला ना?"

"तुम्हाला सापडला. मला तीन वर्षांत दिसला नाही."

"मले त पुसाले सापडला."

हसू येत होतं. मी तोंड फ्लेक्सवरच्या नवरा-नवरीकडे फिरवलं.

दुसऱ्या ढगापुढे मी प्रश्नचिन्ह टाकायला लावलं. खात्री व्हायला अजून महिने जातील. मग म्हटलं, खाली आभारात एक ओळ वाढवा. आणि नाव विचारलं.

"प्रफुल मेश्राम." त्याची बोटं कीबोर्डवर थांबली. "एवढ्या लोकायची नावं छापली… आपलं कधी नाई छापलं."

निघताना त्याने विचारलं, राग गेला का? नाही, म्हटलं. तो मान डोलावून म्हणाला, राहू द्या.

गाडीने दुर्ग सोडल्यावर मी गुंडाळीचं टोक उलगडलं. सगळी नावं ठळक काळी. त्याचं मात्र ढगाच्याच रंगात, इतकं पुसट की शोधावं लागलं. हे मी सांगितलं नव्हतं. पुन्हा न विचारता.

बिलावरच्या नंबरवर मी लिहिलं: "नाव नीट दिसत नाही. मंगळवारी येऊन भांडते."

राजनांदगाव यायच्या आत उत्तर आलं.

"या. फॅन तुमच्याकडे वळवून ठेवतो."