दाढेचा फोटो

दुकानदारानं काउंटरवर चौथं खोकं उघडलं, तेव्हा तिला दरदरून घाम फुटला. दातांची डॉक्टर होऊन तिला तीन वर्षं झाली होती. किडलेल्या दाढा, रडणारी मुलं, हुज्जत घालणारे पेशंट... कशालाही ती डगमगत नसे. पण आयुष्यातला पहिला मोठा कॅमेरा घ्यायला आली आणि इथं गाडी अडली.

"हे किट घ्या मॅडम," दुकानदार म्हणाला. "दोन लेन्स, बॅग, स्टँड, सगळं एका खोक्यात. ही लांब लेन्स तर बघा — झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी तुमच्या मांडीवर येऊन बसेल!"

"पण मला दातांचे फोटो काढायचेत."

"मग दातांचे येतील की!"

"येतील," शेजारच्या स्टुलावरून एक जाडसर, बोबडा आवाज आला. "फक्त पेशंट खुर्चीत बसवायचा आणि आपण रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायचं."

ती वळली. तिशीतला माणूस. उन्हानं रापलेला, बाहीवर सिमेंटचे डाग, डोळे हसरे — आणि डावा गाल फुग्यासारखा टम्म! त्याची लेन्स साफ करायला आत गेली होती, तिची वाट बघत तो बसला होता.

"तुम्ही फोटोग्राफर का?" तिनं विचारलं.

"छे! जुने पूल तपासतो मी. त्यांना पडलेल्या भेगांचे फोटो काढतो. अगदी जवळून. म्हणजे तुमचं नि माझं काम तसं एकच."

"आणि ही सूज कधीपासूनची?"

"कुठली सूज?" त्यानं घाईघाईनं गालावर हात ठेवला.

"घाबरता?"

"पुलाखाली दोरीला लटकायला नाही घाबरत. तुमच्या खुर्चीला घाबरतो."

तिला हसू आवरेना. "बरं, मग सौदा करू. तुम्ही मला कॅमेरा सांगा, मी तुम्हाला दाढ सांगते."

तो उठलाच. त्यानं दोन कॅमेरे काढायला लावले आणि एकेक करून तिच्या हातात दिले. "डोळे मिटा. आता बोटांना बटणं सापडतात का बघा. तुमचा दुसरा हात पेशंटच्या गालाशी अडकलेला असणार. एका हातात जो नीट बसेल, तो आपला."

तिनं डोळे मिटले. पहिला घसरत होता. दुसरा मात्र जणू तिच्या मापानं घडवला होता.

"हा," ती म्हणाली.

"छान. यासोबत ही छोटी लेन्स पुरे. आणि..." तो जरा अडखळला. "ही बॉडी माझ्या कॅमेऱ्याच्याच कंपनीची आहे. म्हणजे जवळून फोटो काढायची माझी लेन्स हिला बसते. उसनी देता येईल."

"ही सोय म्हणायची की आमिष?"

"सध्या सोय," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू."

"मॅडम, स्टँड फुकट होता हो..." दुकानदार हळहळत राहिला.

सौद्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पूलवाला दवाखान्यात हजर झाला. दवाखाना मूळचा तिच्या बाबांचा. चाळीस वर्षं दात बघितलेला माणूस. आता हातात कंप आल्यामुळे कामं तिच्यावर सोपवलेली, पण शेवटचा शब्द अजून त्यांचाच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दाढ पाहिली. "उभी भेग आहे. मुळापर्यंत गेली असणार. काढून टाक, ठमे."

"मला वाटतं, वाचेल."

"वाटून काय होतंय? दाखव."

नेमकं तेच तर तिला दाखवता येत नव्हतं. बाबांचा अनुभव एका पारड्यात, तिचं 'वाटणं' दुसऱ्यात — दर वेळी तीच हरायची. म्हणून तर कॅमेरा घेतला होता. तिनं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. सूज उतरायला गोळ्या दिल्या आणि पहिल्याच दिवशी चाळीस फोटो काढले.

चाळीसही वाया! एकात फ्लॅशनं दात चुन्यासारखे पांढरे झालेले, दुसऱ्यात लेन्सचीच सावली पडून निम्मं तोंड काळोखात. तोंडात धरायचा आरसा श्वासानं धुरकट होई. पुढचे दात लख्ख दिसत आणि दाढ धुक्यात. एका फोटोत फोकस बरोबर बसला होता, पण तो त्याच्या डोळ्यांवर. तो तिनं पुसायचा राहूनच गेला... म्हणजे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आठ दिवसांनी तो लेन्स घेऊन आला. बाबांनी एका हातानं त्याचा गाल ओढून धरला, दुसऱ्या हातानं आरसा. पेशंटची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार! ती फोटो काढी, पडद्यावर बघी आणि कपाळाला आठ्या घाली. शेवटी न राहवून त्यानं दोन्ही हात वर केले आणि प्रत्येकी दोन-दोन बोटं दाखवली.

"अगं, त्यांना बाहेर जायचंय वाटतं!" बाबा म्हणाले.

तो जोरजोरात "अं-अं!" करू लागला. पुन्हा दोन बोटं, शेजारी पुन्हा दोन.

"चार?" ती म्हणाली. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "बावीस! अ‍ॅपर्चर बावीसवर नेऊ?"

त्याचे डोळे असे काही चमकले, की तिला क्षणभर बटण सापडेना. मोठा आकडा म्हणजे लेन्सचं भोक बारीक, आणि भोक बारीक म्हणजे पुढच्या दातापासून मागच्या दाढेपर्यंत सारं स्पष्ट. मग त्यानं आरशाकडे बोट दाखवून गरम पाण्याच्या नळाकडे दाखवलं. तिनं आरसा कोमट पाण्यात बुडवून पुसला. फ्लॅशवर पातळ कागदाचा तुकडा चिकटवला. श्वास रोखला आणि बटण दाबलं.

पडद्यावर दाढ आली. प्रत्येक खाच, प्रत्येक रेघ. आणि ती भेगही, केसाएवढी.

तिघांची डोकी त्या छोट्या पडद्यावर जमली. गाल सुटल्याबरोबर तो म्हणाला, "ही थांबलीय बघा. इथं. खाली गेलेली नाही. असा पूल आम्ही पाडत नाही, आवळून घेतो."

बाबांनी फोटो मोठा करायला लावला, पुन्हा लहान करायला लावला. मग चष्मा खाली उतरवत म्हणाले, "रूट कॅनाल कर, ठमे. वर कॅप बसव. वाचेल."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसायला तिनं तोंड फिरवलं, तेव्हा पूलवाला कौतुकानं तिच्याकडेच बघत होता.

त्यानंतर दर गुरुवारी तो येऊ लागला. ती काम करी, फोटो काढी आणि एकटीच बोलत राही — कॉलेजच्या गमती, बाबांचे किस्से, कुठला फोटो कसा फसला. तो बोटांनी, भुवयांनी, "अं-हं"नी उत्तरं देई. तोंड मोकळं असलं, की मात्र तिची दातखीळ बसे. "चूळ भरा. थुंका. पुढच्या गुरुवारी या." बस.

तिसऱ्या गुरुवारी दाढेची नस पूर्ण काढून झाली. मध्येच सोमवारी त्याचा फोन आला. "डॉक्टर, गार पाण्यानं कळ येते हो दाढेत..."

नस काढलेल्या दाढेला गार काय नि गरम काय! हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती ओठ दाबून हसली आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाली, "बापरे! मग उद्याच या."

पाचव्या गुरुवारी तो आला, तो उतरलेल्या चेहऱ्यानं. "लांबच्या पुलाचं काम निघालंय. चार महिने. उद्या सकाळी निघायचंय."

तिच्या हातातला चिमटा खण्णकन ट्रेमध्ये पडला. ती कपाटाकडे गेली आणि त्याची लेन्स घेऊन आली. "ही... तुमची."

"राहू द्या. मी दुसरी मागवलीय."

"बरं."

"बरं," तोही म्हणाला.

आज कॅपचं माप घ्यायचं होतं. तिनं गुलाबी पावडर पाण्यात कालवली, लगदा साच्यात भरला आणि साचा त्याच्या दाढांवर दाबून बसवला. "चार मिनिटं हलायचं नाही. बोलायचं नाही."

खिडकीतून सकाळचं ऊन त्याच्या बाहीवर पडलं होतं. ती घड्याळाकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं.

"कॅप आठ दिवसांनी तयार होईल," ती अचानक म्हणाली. "खरं तर मी म्हणायला हवं, की तिथल्या कुठल्याही डॉक्टरकडून बसवून घ्या. कुणीही बसवेल, सोपं असतं. पण... मला तसं म्हणायचं नाहीये."

त्याचे डोळे मोठे झाले.

"बोलू नका! माप बिघडेल. तुम्ही बोलायला लागलात ना, की मला सुचत नाही. तुम्ही परत यावं असं मला वाटतं. दाढेसाठी नाही. गुरुवार उजाडला, की मी सकाळपासून घड्याळ बघते. तुमच्या दाढेचे दोनशे अकरा फोटो आहेत माझ्याकडे, त्यातले कामाचे नऊ. बाकीचे कशाला काढले, मलाच विचारा! मला तुम्ही आवडता. खूप. आता तुमच्या मनात तसं काही नसेल, तरी मान हलवू नका. नंतर सावकाश..."

"ठमे!" पलीकडच्या खोलीतून बाबा ओरडले. "सात मिनिटं झाली! साच्याचा दगड होईल, मग दाढच येईल हातात!"

ती दचकली. साचा खरंच घट्ट बसला होता. तिनं दोन्ही हातांनी ओढला, त्यानं खुर्ची घट्ट धरली... आणि फटकन साचा सुटला. माप मात्र सुरेख आलं होतं. ती त्या मापाकडेच बघत राहिली. त्याच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

त्यानं जबडा हलवून पाहिला. ओठांना गुलाबी कण चिकटले होते.

"पाणी दे ना जरा," तो म्हणाला.

ती जागच्या जागी थबकली. इतके आठवडे 'डॉक्टर' आणि 'तुम्ही' झालं होतं.

"दे?" तिनं हळूच विचारलं.

"हो. दे." तो आता हसत होता, सगळे दात दाखवून. "पुढच्या गुरुवारी सुटी काढून येतोय मी. आधी कॅप बसवून घेईन, मग बाबांशी बोलेन. तोवर तूही 'तू' म्हणायची सवय करून घे."

तिनं पेला भरला. देताना थोडं पाणी त्याच्या बाहीवर सांडलं. गाल तापले होते, पण या वेळी दातखीळ बसली नाही.

"घे," ती म्हणाली.