फिरत्या वाचनालयाची पोकळ पायरी

"थांब! त्या पायरीवर पाय ठेवू नकोस!"

भिंग्या एवढ्या जोरात ओरडला, की छोटूचा पाय हवेतच राहिला.

फिरत्या वाचनालयाची गाडी नुकतीच गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली होती. सुट्टीत मावशीकडे आलेली झिपरी आणि तिचा धाकटा भाऊ छोटू आठवडाभर या गाडीचीच वाट बघत होते.

"आता काय झालं?" झिपरी वैतागली.

"रंगाला फुगा आलाय," तिचा मावसभाऊ भिंग्या जाड चष्म्यातून पायरी निरखत म्हणाला. त्याने खिशातलं चुंबक पायरीच्या कडेला लावलं. खट्! चिकटलं. मधोमध लावलं, तर चिकटेचना.

"इथे पत्राच नाही! भोकांवर पुट्टी थापून वर रंग फासलाय!"

"काहीतरीच!" गाडी पोचवायला आलेले गॅरेजवाले काका खेकसले. "सुट्टी लागली की पोरांना नाही नाही ते सुचतं. पायरी एकदम मजबूत आहे! बाई, तुम्ही करा सही."

ग्रंथपाल बाईंनी पेन उघडलं. झिपरी चटकन पुढे झाली.

"काका, मग तुम्हीच उभे राहून दाखवा ना!"

काकांनी ऐटीत पाय उचलला. पायरीकडे पाहिलं... आणि गुपचूप जमिनीवरच टेकवला!

"अहो, पत्रा फार पातळ," ते पुटपुटले. "वेल्डिंग केलं की भोक, बुजवायला जावं तर आणखी मोठं भोक! त्यात उद्याची घाई..."

"आणि तंगडी आमची मोडली असती!" छोटू फणकारला.

बाईंचा चेहरा उतरला. "उद्या सकाळी तीन शाळांतली मुलं वाट बघणार आहेत. आता कोण करणार हे काम?"

"माझी आई!" म्हणत भिंग्या धावत सुटलासुद्धा.

मावशीचं वेल्डिंगचं दुकान रस्त्यापलीकडेच होतं. तिने येऊन आधी मुलांकडून सगळी पुस्तकं बाहेर काढून घेतली, बॅटरीची वायर सोडवली, सडलेला भाग कापून नवा पत्रा बसवला. मग मुलांना लांब उभं करून काळ्या काचेची हेल्मेटं दिली.

"सलग वेल्डिंग केलं की पातळ पत्रा वितळून गळतो," ती काकांना म्हणाली. "म्हणून या वेल्डिंगच्या बंदुकीचा घोडा दाबायचा आणि लगेच सोडायचा. लाल ठिपका मंदावला, की अर्धा त्याच्यावर येईल असा पुढचा ठिपका."

चर्र! शांतता. चर्र! शांतता.

"चर्र... गप्प! चर्र... गप्प!" छोटूने ताल धरला. ठिपक्याला ठिपका जुळत माशाच्या खवल्यांसारखी सुबक ओळ उमटली. एकही भोक नाही! सगळं निवल्यावर मावशीने पायरीवर दोन उड्या मारल्या. पायरी हललीसुद्धा नाही.

"ताई, मला शिकवाल?" काकांनी ओशाळून विचारलं.

मावशीने भंगारातला पत्रा पुढे केला. पहिल्या झटक्यात भोक! दुसऱ्यातही भोक!

"काका, गप्प म्हटल्यावर सोडायचं हो!" छोटू ओरडला. सगळे खो खो हसले. तिसऱ्यांदा मात्र काकांनी छोटूच्या तालावर घोडा सोडला आणि ठिपका पत्र्यावर नीट बसला.

"जमलं!" हेल्मेट वर करून काका मुलांकडे वळले. "शाब्बास रे पोरांनो! आज तुम्ही नसतात, तर उद्या माझ्या हातून मोठा अनर्थ झाला असता."

ग्रंथपाल बाईंनी बाहेर काढलेल्या पुस्तकांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "आत लावण्याआधी हवी तेवढी पुस्तकं निवडा. आज पहिला मान तुमचा!"

पुढचं कोण ऐकतंय? तिघांनीही ढिगावर केव्हाच झेप घेतली होती!