द्वादशीचं पाणी

करंट गेला तर गेला. मेणबत्त्या शोधत फिरू नका, बसा स्वल्प. आणि मधेच कुणी ‘खरंच का अण्णा?’ म्हणालात तर मी उठून आत जाईन, आधीच सांगून ठेवतो. रघुजी माझा दोस्त. जन्मात एकदाच खोटं बोलला, त्याचीच ही गोष्ट.

इथंच बसवनगुडीत, एका छत्रामागच्या, म्हणजे धर्मशाळेमागच्या दोन खोल्यांत, आपल्या मराठी माणसांनी मिळून सेवाघर चालवलं होतं. डॉक्टरांनी हात टेकलेली, मागंपुढं कुणी नसलेली म्हातारी माणसं तिथं शेवटचे दिवस काढायची. ऑफिस सुटलं की आम्ही पाळीपाळीनं जायचो. अंग पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची. मिळायचं काय म्हणता? अरे, घरी येताना छाती हलकी झालेली असायची, पडल्या पडल्या झोप लागायची. आणि सगळ्यांत मोठं मिळणं म्हणजे जाणाऱ्यानं आपलं नाव घेऊन म्हणावं, ‘माझ्या तोंडात गंगा तू घाल.’ असं ज्याला मागितलं, त्याच्या जन्माचं सोनं झालं, असं आम्ही मानायचो.

रघुजी चार वर्षं राबला. त्याला कुणीच मागितलं नाही. आणि व्यंकोजी, शिवाजीनगरहून सायकल मारत यायचा, येऊन पुरते सहा महिने झाले नव्हते, त्याला पाच जणांनी मागितलं! रघुजीचा नुसता जळफळाट.

“भीमू, घाण मी काढायची आणि पुण्य त्यानं न्यायचं?”

मी म्हटलं, “अरे, म्हातारी माणसं मरणाचं बोलायला लागली की तू अंगावर ओरडतोस. तो ऐकून घेतो.”

पण ऐकतो कोण! पुढं कृष्णाबाई आली. एकटी विधवा बाई. पोटच्या पोरानं करावं तसं रघुजीनं तिचं केलं. ही तरी मला मागेल, म्हणून आस लावून बसला होता बिचारा.

एकसष्ट साल. कार्तिक वद्य एकादशी. डिसेंबरची थंडी. रात्री नऊच्या सुमाराला कृष्णाबाई म्हणाली, “रघू, व्यंकोजीला घेऊन ये रे. बेगीन.”

झालं! ह्याच्या पोटात आग पडली. सायकल काढली, कोपऱ्यापर्यंत गेला, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर तासभर बसून राहिला. परत येऊन सांगितलं, “अक्का, तो घरी नाही.”

मग काशीची लोटी फोडून पंचपात्रीत गंगा ओतली, तुळशीचं पान टाकलं, पळी तिच्या ओठांशी नेली. तिनं ओठ मिटून घेतले. पुन्हा नेली. पुन्हा मिटले.

“त्याच्याच हातचं पाहिजे ना? सरी, ठीक आहे. राहा तशीच.” असं बोलला रे तो, मरणाऱ्या बाईला.

साडेअकराला ती गेली. नाकाशी सूत धरून पाहिलं, हललं नाही. रीतीप्रमाणं त्यानं हनुवटीखालून पट्टी घेतली, डोक्यावर आवळून दुहेरी गाठ मारली. पंचपात्री उशाशी तशीच भरलेली. तेव्हा दुसरं कुणी आजारी नव्हतं. सकाळपर्यंत तो एकटा.

एक वाजला. तीन वाजले. तिचे पाय पार गार पडले होते. पहाटे त्याचा डोळा लागला असावा.

“उजाडलं का रे?”

खडबडून उठला. खोलीत कुणी नाही. म्हणजे... ती होती.

“द्वादशी लागली का?”

पट्टी बांधलेली. ओठ मिटलेले. आवाज तिथूनच.

“रघू...”

...

“आता दे.”

पळाला. अनवाणी. थेट माझ्या दारात. घडलं ते सगळं भडाभडा बोलला, कोपऱ्यावरच्या पायरीसकट. मी त्याला धरून परत घेऊन निघालो, तर छत्रासमोर व्यंकोजी सायकलवरून उतरत होता.

“अक्कांनी पारण्याला बोलावलंय,” तो म्हणाला. “परवाच सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, तू सहस्रनाम म्हणायचं, पण पाणी माझ्या रघूच्या हातचं. त्याला आताच सांगू नको, मरणाचं काढलं की ओरडतो.”

रघुजी रस्त्यातच बोटांवर तिथी मोजायला लागला.

एकादशी रे! आमच्या जुन्या बायका त्या दिवशी पाण्याचा थेंब घेत नसत, द्वादशीच्या पहाटे पारणं करून उपास सोडायच्या. म्हणून ओठ मिटले तिनं. रात्र निघत नाही असं वाटलं असेल, म्हणून व्यंकोजीला आधीच बोलावलं असेल. आणि रघुजीचा स्वतःचाही उपास होता त्या दिवशी! पण मत्सरानं एकदा डोळे झाकले की माणसाला स्वतःचं रिकामं पोटसुद्धा आठवत नाही.

आम्ही आत गेलो. पट्टी जशीच्या तशी. दुहेरी गाठ. ती मी सोडली, ह्या हातांनी. हनुवटी हळूच खाली आली.

जिभेवर तुळशीचं पान. ओलं.

पंचपात्री उचलली. कोरडी ठणठणीत.

मी राम राम म्हणत मागं सरलो. व्यंकोजी हात जोडून उभा. पण रघुजीच्या तोंडावर भीती नव्हती रे. तोच जुना जळफळाट होता. माझा दंड धरून विचारत राहिला...

“माझ्या हातचं होतं ते, भीमू. कुणी पाजलं?”